झोपेचं इंजेक्शन: ठरवायचं ते दिवसाउजेडी

"सिस्टर, आता झोपेचं इंजेक्शन द्या आणि मोकळं करा त्यांना." कॅन्सरच्या पेशंटच्या घरी जाऊन सेवा देणाऱ्या पथकात मी सतरा वर्षं परिचारिका आहे. पुणे, मुळशी, भोर हा आमचा पट्टा. हे वाक्य मला बहुधा रात्री फोनवर ऐकू येतं आणि बोलणारी सून किंवा मुलगा दोन-तीन रात्री जागलेला असतो. त्या एका वाक्यात दोन मागण्या गुंतलेल्या असतात. एक, त्रास थांबवा. दुसरी, संपवा. पहिली आम्ही बहुतेक वेळा पूर्ण करू शकतो. दुसरी आम्ही कधीच करत नाही. हा गुंता रात्री दोन वाजता फोनवर सुटत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे. ज्यांच्या माणसाला डॉक्टरांनी "आता घरी न्या, जपा" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी.

डॉक्टर याला पॅलिएटिव्ह सिडेशन म्हणतात. आजार बरा होणार नाही, मरण जवळ आलंय, आणि एखादा त्रास सगळे उपाय करूनही आवरत नाही, तेव्हा त्या माणसाची जाणीव औषधाने कमी करायची, म्हणजे त्रास त्याच्यापर्यंत पोचत नाही. औषध बहुतेक वेळा मिडाझोलाम असतं. ते महाग नाही, चटकन काम करतं आणि थांबवलं की उतरतं. द्यायचं ते त्रासाच्या मापाने. काहींना नुसती गुंगी पुरते, हाक मारली की डोळे उघडतात. काहींना गाढ झोपवावं लागतं. आधी एक रात्र झोपवून सकाळी औषध कमी करून पाहतात, कारण शांत झोप मिळाल्यावर काही जण सावरतात. सतत आणि गाढ झोपवणं हे काही तास किंवा काही दिवसच उरले आहेत असं डॉक्टरांना वाटेल तेव्हा. साधारण दोन आठवड्यांच्या आतली गोष्ट.

"म्हणजे इंजेक्शन देऊन मारणंच की." हे कोणी तरी दारात उभं राहून म्हणतंच, बहुधा लांबून आलेला नातेवाईक. फरक औषधाच्या हिशोबात दिसतो. कपाळ सैल झालं, श्वास मोकळा झाला, की आम्ही औषध तिथेच थांबवतो, पुढे वाढवत नाही. जीव घ्यायचा असता तर थांबायचं कारणच नव्हतं. सिडेशन दिलेल्या आणि न दिलेल्या पेशंटची तुलना करणारे अभ्यास झाले आहेत. नीट मापाने दिलेल्या औषधाने आयुष्य कमी झाल्याचं त्यांत दिसलेलं नाही. माणूस आजाराने जातो. यासाठी कोर्टाची किंवा पोलिसांची परवानगी लागत नाही. हा उपचार आहे, पण जाणत्या डॉक्टरांनी ठरवायचा. घरातल्या झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने वाढवणं म्हणजे सिडेशन नव्हे. ते धोक्याचं आहे, आणि त्याने भ्रम वाढूही शकतो.

झोपवण्याआधी शोधा

भोरकडच्या एका गावात एक गवंडीकाका होते. पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलेला. तीन रात्री त्यांची नुसती तगमग चालली होती. कपडे ओढायचे, खाटेवरून उतरायला बघायचे, बायकोला ओळखेनात. घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं की आता झोपवायचं. मी बेंबीखाली हात ठेवला तर पोट दगडासारखं लागलं. लघवी तुंबली होती. नळी घातली आणि पिशवी भरत गेली, लिटरभराच्या वर. अर्ध्या तासात काका घोरायला लागले, कुठलंही इंजेक्शन न देता. दुसऱ्या दिवशी उठून त्यांनी चहा मागितला. त्यानंतर अकरा दिवस ते घरच्यांशी बोलत होते.

म्हणून तगमग सुरू झाली की आधी हे बघा. लघवी शेवटची कधी झाली? पोट साफ होऊन किती दिवस झाले? मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, घेणाऱ्याला पोट साफ ठेवणारं औषध रोज लागतं आणि घरात तेच आधी बंद पडतं. हातपाय मध्येच झटका आल्यासारखे उडतात का, भिंतीवर मुंग्या दिसतात का? मूत्रपिंडं थकली की मॉर्फिन अंगात साठतं. तेव्हा डोस कमी करावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड संध्याकाळी देताय का? ते सकाळी द्या, रात्री झोप उडवतं. ताप, रक्तात वाढलेलं कॅल्शियम, अंगाखाली ओली झालेली चादर, यातलं काहीही असू शकतं. धाप लागली असेल तर टेबलफॅन तोंडावर लावा आणि पाठीला उशा देऊन बसतं करा. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी धावण्याआधी हे करून पाहा. कित्येकदा एवढ्यानेच निम्मी धाप बसते.

हे सगळं करून झालं, आणि डॉक्टर म्हणाले की आता दुसरा उपाय नाही, किंवा आहे पण त्याचा गुण यायला लागेल तेवढा वेळ आपल्याकडे नाही, तेव्हा सिडेशनचं बोलायचं. माझ्या अनुभवात ही वेळ सर्वांत जास्त आणते ती भ्रमातली तगमग, मग धाप. दुखणं तिसरं. ते बहुधा मॉर्फिनने आवरतं. "मला जगायचं नाही" हा मनाचा त्रास एकट्याने येतो तेव्हा घाई करू नये. तिथे समुपदेशक लागतो, एकाहून जास्त डॉक्टरांचं मत लागतं, आणि झोपवायचं झालंच तर आधी थोड्या वेळापुरतं.

दिवसा बसा, सगळे बसा

माझा एकच आग्रह असतो: त्रास हाताबाहेर जाण्याआधी, माणूस बोलू शकतोय तोवर, दिवसाउजेडी हे ठरवा. रात्री घाबरलेलं घर फक्त ॲम्ब्युलन्स बोलवतं.

आणि पहिला प्रश्न ज्याचं शरीर आहे त्याला विचारा. आपल्याकडे सगळे मला दाराबाहेर गाठून सांगतात, "त्यांना काही कळू देऊ नका." त्यांना बहुतेक सगळं कळलेलं असतं. मी एवढंच विचारते, "काका, पुढे त्रास फारच वाढला तर जागं राहायला आवडेल, की झोप चालेल?" या प्रश्नाने आजवर कोणी कोसळलेलं मी पाहिलं नाही. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "सकाळी पेपर वाचून होईपर्यंत मला जागा ठेवा. रात्री काय ते तुम्ही बघा." आम्ही आठवडाभर फक्त रात्रीचं औषध दिलं. पेपर शेवटी मुलगी वाचून दाखवायची. ते ऐकायचे.

झोपवल्यावर कदाचित पुन्हा बोलणं होणार नाही, हे धरून आधीची कामं करा. परगावचा भाऊ, परदेशातला मुलगा यांच्याशी व्हिडिओ कॉल. सांगायच्या, मागायच्या, माफीच्या गोष्टी. धर्माचंही याच वेळी. तुळशीचं पान आणि गंगाजल, घरात ख्रिस्ती माणसं असतील तर फादरना बोलावून तैलाभ्यंग, मुसलमान घरात कलमा आणि झमझमचे थेंब. गुंगी चढल्यावर गिळणं भरवशाचं राहत नाही. चमच्याने घातलेलं गंगाजल श्वासनळीत जातं आणि शेवटच्या घटकेला ठसका लागतो. तेव्हा कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करा, पान जिभेच्या टोकाला लावून काढून घ्या. विधी तसाही होतो.

एक शंभर पानी वही करा. पहिल्या पानावर लिहा: काय ठरलं, कोण हजर होतं, तारीख, पेशंट स्वतः काय म्हणाले, डॉक्टरांचा आणि सिस्टरचा नंबर. या वहीचं मोल पुढे कळतं.

घरी करायचं असेल तर

घरी होतं, आणि चांगलं होतं, पण तीन गोष्टी असतील तरच: चोवीस तास फोन उचलणारं पथक किंवा डॉक्टर, रात्रपाळी वाटून घेणारी किमान दोन धडधाकट माणसं, आणि घरात आधीच आणून ठेवलेलं औषध. मिडाझोलाम चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते रात्री असेलच असं नाही.

शीर शोधत बसावं लागत नाही. छातीवर किंवा दंडावर कातडीखाली बारीक बटरफ्लाय सुई बसवतो आणि चिकटपट्टीने झाकतो. ती काही दिवस राहते. सिरिंज पंप असेल तर औषध सावकाश सतत जातं. नसेल तर सिस्टर ठरलेल्या डोसच्या सिरिंज भरून, त्यावर औषधाचं नाव आणि वेळ लिहून ठेवते, आणि घरातल्या एकाला ती नळीतून कशी द्यायची ते शिकवते. एकालाच शिकवते, फार तर दोघांना. प्रत्येक डोस वहीत. किती ॲम्प्यूल आल्या, किती वापरल्या, किती उरल्या, तेही वहीत. औषध मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि उरलेलं पथकाला परत करा.

आता एक गोष्ट, जी मला माझ्या आत्याकडून कळली. तेव्हा मी या कामात नव्हते, नुकती नर्सिंग पास झाले होते. आत्या एका नर्सिंग होममध्ये होती, तिला गुंगीचं औषध सुरू केलं आणि "आता झोपेतच आहेत" म्हणून मॉर्फिन बंद केलं. कूस बदलताना दर वेळी तिच्या दोन भुवया जवळ यायच्या आणि घशातून बारीक कण्हणं निघायचं. मी ते दोन दिवस बघितलं आणि मला बोलता आलं नाही. झोपेच्या औषधाने दुखणं थांबत नाही, फक्त सांगता येत नाही. म्हणून सिडेशन सुरू झालं तरी वेदनेचं औषध चालूच राहिलं पाहिजे. तोंडावाटे जात नसेल तर सुईतून. हे तुम्ही डॉक्टरांना स्वतः विचारा: "मॉर्फिन चालू आहे ना?"

झोपलेल्या माणसाचं दुखणं चेहऱ्यावर वाचायचं असतं. कपाळाच्या आठ्या, आवळलेला जबडा, मुठी, कूस बदलताना कण्हणं. यातलं काही दिसलं, किंवा माणूस जागा होऊन घाबरला, सुईची जागा सुजली, की फोन करा. आम्हाला तासातासाला रक्तदाब नको असतो. चेहरा कसा आहे ते सांगा.

बाकीची निगा अशी. दर दोन-तीन तासांनी कूस, आडव्या चादरीने दोघांनी मिळून, ओढून नव्हे, उचलून. हवेची गादी भाड्याने मिळते, ती आधीच आणा. तोंड दर दोन तासांनी ओल्या मऊ फडक्याने पुसा, ओठांना व्हॅसलिन. डोळे अर्धे उघडे राहत असतील तर डॉक्टरांना विचारून थेंब. लघवीची नळी असली तर फार सोपं पडतं.

शेवटच्या दिवशी बऱ्याच जणांना घरघर लागते. गिळता न आलेली लाळ आणि कफ घशात साठून तो आवाज येतो. ऐकणाऱ्याला ते फार कठीण जातं, पण गाढ गुंगीतल्या माणसाला त्याचा त्रास होत नाही असंच आम्ही मानतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं वर करा. लाळ कमी करणारं ग्लायकोपायरोलेट किंवा बस्कोपॅनचं इंजेक्शन लवकर दिलं तर उपयोग होतो. घशात खोल नळी घालून ओढत राहू नका, त्याने तो माणूस विनाकारण छळला जातो. पुढे श्वासात खंड पडतील, वीस सेकंद, तीस सेकंद, मग पुन्हा श्वास. हातपाय गार पडतील. ही औषधाची चूक नाही, हा शेवट आहे.

आणि सलाईन. "पाण्यावाचून ठेवलंय," असं शेजारची कोणीतरी बोलणारच. मरणाजवळ आलेल्या शरीराची पाण्याची मागणी कमी झालेली असते. जास्तीचं पाणी फुप्फुसांत, पायांत, घशात साठतं आणि घरघर वाढवतं. कोरडं पडतं ते तोंड, आणि तोंड आपण ओलं ठेवतोय. सलाईनचा निर्णय झोपेच्या औषधापासून वेगळा आहे. तो दिवसाच्या बैठकीतच घ्या आणि वहीत लिहा, म्हणजे शेजारणीला उत्तर द्यायची वेळ एकट्या सुनेवर येणार नाही.

आपल्याकडे तंबाखू-मिश्रीमुळे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर पुष्कळ. मानेवर जखम असलेल्या पेशंटच्या घरच्यांना मी एक गोष्ट बाजूला घेऊन सांगते. क्वचित एखादी मोठी धमनी फुटते. डॉक्टरांनी तशी भीती सांगितली असेल तर गडद लाल, गडद निळे असे टॉवेल आणि चादरी हाताशी ठेवा. पांढऱ्या कापडावरचं रक्त जन्मभर डोळ्यांसमोरून जात नाही. हातमोजे ठेवा. तातडीचा डोस, भरलेली सिरिंज किंवा मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे, कुठे आहे ते सगळ्यांना माहीत असू द्या. पण हे सगळं मिनिटांत घडतं, आणि औषध शोधायला धावण्यापेक्षा जवळ राहणं मोठं. टॉवेल दाबून धरा, हात धरा, बोलत राहा. गाडी काढू नका.

घरी मृत्यू झाल्यावर मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो, त्याचा नमुना ४ ए असतो. तो देणारे डॉक्टर कोण, हे आठवडाभर आधी ठरवा आणि त्यांना एकदा पेशंट दाखवून ठेवा. नाहीतर रडायच्या वेळी घरातला कर्ता पुरुष दाखल्यासाठी दारोदार फिरतो. मी हे फार पाहिलंय.

सत्तरीची एकटी बायको, दहा बाय दहाची खोली आणि त्यात दोन लहान मुलं, रात्री न मिळणारा डॉक्टर, असं असेल तर घराचा हट्ट नको. हॉस्पिटलात नेलं म्हणून प्रेम कमी होत नाही.

वॉर्ड, आयसीयू, हॉस्पिस

वॉर्डात अडचण औषधाची नसते, पाळी बदलण्याची असते. सकाळच्या मोठ्या डॉक्टरांशी तुमचं सगळं बोलणं होतं आणि रात्रीच्या निवासी डॉक्टरला त्यातलं काहीच माहीत नसतं. म्हणून फाईलमध्ये लिहून घ्या: सिडेशन कशासाठी, कुठलं औषध, त्रास वाढला तर रात्री किती वाढवायचं, मॉर्फिन चालू. हृदय थांबल्यावर छाती दाबायची नाही, हाही स्पष्ट शेरा हवा. त्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० साली मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, डॉक्टरांना त्यांचा आधार आहे. रोजचं रक्त काढणं, बोटाला साखर तपासणं, पहाटे चारचा रक्तदाब हे बंद करायला सांगा. कोपऱ्यातली खाट मागा, किमान पडदा आणि दोन माणसांना थांबायची परवानगी. आणि दाखल करण्याआधी एक प्रश्न: "इथे मॉर्फिन मिळतं का?" अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं. तरी सगळीकडे ते नसतं.

आयसीयूत व्हेंटिलेटरवरचा माणूस आधीच गुंगीत असतो. तिथला प्रश्न बहुधा मशीन काढण्याचा असतो आणि तो कायद्याने वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ला त्याला वाट दिली आणि जानेवारी २०२३मध्ये ती सोपी केली. डॉक्टरांची दोन मंडळं बघतात, आणि पुढे असे उपचार नकोत हे आधीच सांगणारं इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. श्वासाची नळी काढायचं ठरलं तर धाप जाणवू नये म्हणून औषध आधी द्यायला हवं, हे विचारून घ्या. त्या पडद्याआड आत जायला मिळेल का, तेही.

हॉस्पिस म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास आवरून निगा राखणारी जागा. तिच्याबद्दल लोकांना अजून भीती आहे, "तिथे गेलेला परत येत नाही" म्हणून. खरं तर त्रास आवरून पुन्हा घरी जाणारेही असतात. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६पासून आहे, देशातलं पहिलं, गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७पासून आहे. तिथे सिडेशनसाठी वेगळी धावपळ करावी लागत नाही. औषध, जाणती माणसं आणि शांतता एका जागी असते, आणि घरच्यांना थोडा वेळ नुसतं मुलगा किंवा मुलगी होऊन बसता येतं. फक्त उशीर करू नका. शेवटच्या दिवशी गाडीत घालून नेलेल्या माणसाला तिथली खाट अनोळखीच राहते. चालताबोलता असताना एकदा दाखवून आणा.

कुठेही असलात तरी झोपलेल्या माणसाशी बोला. ऐकू येत असेल असं धरूनच आम्ही कूस वळवतानासुद्धा "आई, वळवते हं" असं म्हणतो. खोलीत जमिनीच्या वाटणीच्या गोष्टी नकोत.

माणूस गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी आम्ही त्या घरी एकदा जाऊन येतो. चहा होतो, फोटोला हार असतो, आणि मग ज्याने शेवटची सिरिंज दिलेली असते तो स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारतो, "सिस्टर, ते माझ्या इंजेक्शनने तर गेले नाहीत ना?" मी वही मागते. आम्ही दोघं उभ्याउभ्या वाचतो. रात्री नऊ: खूप तगमग, डोस दिला. साडेनऊ: कपाळ सैल. बारा: शांत, कूस बदलली, कण्हले नाहीत. डोस वाढवला नाही. पहाटे तीन: तोच डोस. साडेपाच: श्वासात खंड. सहा दहा: श्वास थांबला, हात मुलाच्या हातात.